संचयीकेतली दीर्घ ई

‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची मुदत संपली आहे. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख दिली होती. त्यानंतर तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या थांबल्या. घरगुती वापरासाठी नोंदणी करून एखादे वर्ष ढकलण्याची सोय दिली गेली, एवढेच. पुढच्या ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांत, आडतीवर आणि पतसंस्थांत चालणारे बरेचसे संगणक मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले आणि ‘सेकंड’मध्ये इकडे आलेले आहेत. त्यांना ही अकरावी पायरी चढता येणार नाही.

अशी वेळ आली की मराठीत एक ठरावीक लेख लिहिला जातो. लिनक्स नावाची प्रणाली आहे, ती फुकट आहे, तिला व्हायरस लागत नाही, तिच्यामुळे देशाचा पैसा वाचतो, तेव्हा सर्वांनी तिच्याकडे वळावे, असा त्याचा आशय असतो. गेल्या वीस वर्षांत हा लेख मी वेगवेगळ्या नावांनी बऱ्याचदा वाचला आहे. हेतू चांगला असतो, पण आमच्या गावात आला की तो खोटा पडतो. इथे विंडोजलाही कोणी पैसे दिलेले नसतात. दुकानदार तीन-चारशे रुपयांत ‘फॉरमॅट मारून’ देतो. त्यात प्रणाली, ऑफिस, फोटोची कामे करायचे सॉफ्टवेअर आणि दोनेकशे मराठी फाँट असे सगळे येते. ही चोरी आहे हे दुकानदाराला माहीत असते, गिऱ्हाइकालाही माहीत असते. दोघेही त्यावर चहा घेतात. ज्या बाजारात दोन्ही वस्तू फुकट आहेत, तिथे ‘ही फुकट आहे’ असे सांगून कोण ऐकणार?

मी मराठी शिकवतो, संगणकशास्त्र नव्हे. माझे सारे लेखन गेली काही वर्षे डेबियन या लिनक्स प्रणालीवर आणि लिबरऑफिसमध्ये चालते. या अनुभवावरून मला जे मांडायचे आहे ते पैशाबद्दल नाही. मुक्त प्रणाली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो ती. मजकूर म्हटला की तो आमच्या धंद्यात येतो. संगणकाच्या पडद्यावरची मराठी हा आज सर्वांत जास्त वेळा डोळ्यांपुढे येणारा मराठी गद्यप्रकार असूनही त्याची समीक्षा होत नाही. ती इथे थोडी करून पाहतो.

डेबियन बसवताना पहिल्याच पडद्यांवर भाषा विचारली जाते आणि त्या यादीत मराठी आहे. ती निवडली, वर ‘गनोम’ हे डेस्कटॉपचे आवरण घेतले, की समोर येते ‘संचयीका’. फोल्डरला दिलेला हा प्रतिशब्द. शब्द म्हणून तो मला आवडतो. पुस्तक-पुस्तिका, मार्ग-मार्गिका, तसा संचय-संचयिका. अर्थ चटकन लागतो आणि तोंडात बसतो. खटकते ती त्यातली दीर्घ ई. ‘इका’ हा प्रत्यय ह्रस्वच असतो. बरे, तत्सम शब्दांचा नियम बाजूला ठेवला आणि घरच्या मराठी शब्दांचा लावला, तरीही शेवटचे अक्षर दीर्घ असताना त्याच्या आधीचा इकार ह्रस्वच राहतो: किडा, विळा, दिवा. म्हणजे हा शब्द दोन्ही नियमांना सारखाच चुकवतो. याच भाषांतरांत ‘संचयीत’, ‘व्यवस्थापीत’ अशी रूपे भेटतात. त्यांचे मूळ समजते. गरीब, वकील या शब्दांत उपान्त्य ई दीर्घ असते. ती सवय कोणीतरी गणित-पंडितांच्या घरात नेली. एकदा ‘संचयीत’ झाले की ‘संचयीका’ त्याच्यामागून येणारच. चूक करणारा माणूस निष्काळजी नव्हता, नियम लावणारा होता. त्याच्या शेजारी बसून वाचणारा दुसरा कोणी नव्हता, इतकेच.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. भाषांतराची फाइल उघडली की वर इंग्रजी ओळ, खाली मराठी ओळ, पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आठवण व्हावी. फरक असा की इथे वाक्याच्या मागे-पुढे काही नसते. एकेक वाक्य संदर्भावाचून येते आणि त्यात मध्येच एक रिकामी जागा असते, टक्क्याचे चिन्ह आणि एक रोमन अक्षर. त्या जागी ऐनवेळी यंत्र काहीतरी भरणार: फाइलीचे नाव, फोल्डरचे नाव, एखादा आकडा. इंग्रजीला याची अडचण नाही, कारण तिथे नामाला विभक्तीसाठी रूप बदलावे लागत नाही. मराठीत सामान्यरूप आहे. फोल्डरचे नाव ‘औंढा’ असेल तर यंत्र म्हणते, ‘औंढा मध्ये हलवत आहे’. औंढ्याचा कोणी माणूस असे बोलत नाही.

लिंगाचेही तसेच. रिकाम्या जागी ‘पत्र’ येणार, ‘यादी’ येणार की ‘फोटो’ येणार हे भाषांतरकाराला ठाऊक नाही. मग काढले, काढली की काढला? यातून सुटायला तो ‘काढून टाकण्यात आले’ लिहितो. नपुंसकलिंगी कर्मणी रचना कुठल्याही नामापुढे चालवून घेतली जाते. संगणकाची मराठी सरकारी वाटते अशी तक्रार नेहमी होते आणि तिचे खापर भाषांतरकाराच्या कोरडेपणावर फुटते. माझ्या वाचनाप्रमाणे तिचे कारण या रिकाम्या जागेत आहे. कार्यालयीन मराठीतही असेच घडले असणार. छापील नमुन्यात ‘श्री/श्रीमती’च्या पुढची जागा मोकळी असली की क्रियापदाला नपुंसक व्हावेच लागते. भाषाशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला यावर पीएच.डी. करता येईल, आणि विषय नेहमीच्या विषयांपेक्षा पुष्कळ बरा आहे.

हे सारे मला दिसते, कारण फाइल उघडी आहे. विंडोजलाही एक्सपीच्या काळापासून मराठी भाषेचा पॅक मिळतो. त्याचीही भाषा अशीच अडखळते, कारण अडचण तीच. पण तिथे वाचकाने चूक काढली तर ती कंपनीला कळवायची आणि वाट पाहायची. इथे खाते उघडायचे, फाइल उतरवायची, ओळ दुरुस्त करायची, परत पाठवायची. गनोमच्या भाषांतराचा हिशेब जिथे राहतो त्या ठिकाणाचे नाव ‘डॅम्ड लाइज’ आहे, म्हणजे आकडेवारी हा असत्याचा तिसरा आणि वरचढ प्रकार असल्याच्या इंग्रजी विनोदावरून घेतलेले. तिथे प्रत्येक भाषेचे किती टक्के काम झाले ते लिहिलेले असते. दुरुस्ती पाठवणे सोपे आहे, पण ती तपासून आत घ्यायला मराठीच्या गटात दुसरा कोणीतरी जागा असावा लागतो.

मुक्त प्रणालीच्या प्रचारकांशी माझा खरा वाद इथे आहे. ‘कोणालाही बदलता येते’ हे ते अभिमानाने सांगतात, आणि ते खरेही आहे. पण मराठीत बदलले कोणी? या शतकाच्या पहिल्या दीड दशकात बरेचसे काम रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या भाषांतरकारांनी केले, काही हौशी तरुणांनी केले. त्यांनी हजारो वाक्ये मराठीत आणली आणि त्याबद्दल त्यांचे आभार कोणी मानलेले नाहीत, म्हणून इथे मानतो. पुढे तो जोर ओसरला. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या, नवी इंग्रजी वाक्ये येत राहिली, आणि आज माझ्या पडद्यावर एकाच खिडकीत वरचे बटण मराठी आणि खालचे इंग्रजी असा संसार आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्यानंतर झालेल्या भाषणांतून पैठण आले, सातवाहन आले, गाथासप्तशती आली. संचयीका कोणाच्याच बोलण्यात आली नाही. मराठीच्या प्राध्यापकांनी, म्हणजे माझ्याच जमातीने, हा मजकूर आपला मानलेला नाही.

केरळात तो मानला गेला. १९७१ साली तिथे टाइपरायटरच्या सोयीसाठी मल्याळम लिपीतली जोडाक्षरे तोडून अक्षरसंख्या कमी करण्यात आली होती. यंत्र बदलले तरी तुटलेली लिपी तशीच राहिली. १९९९ मध्ये ‘रचना अक्षरवेदी’ या गटाने, आर. चित्रजकुमार आणि के. एच. हुसेन हे त्यात पुढे होते, पारंपरिक लिपी संगणकावर पूर्ण रूपात परत आणण्याची चळवळ उभी केली. त्यांचा ‘रचना’ हा फाँट पुढे मुक्त परवान्याखाली आला. २००२ पासून ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ हा कार्यकर्त्यांचा गट अक्षरे तुटण्याच्या चुका एकेक करून दुरुस्त करत आला आहे. लिपीवर वाद घालणारे भाषेचे लोक आणि प्रोग्रॅम लिहिणारी मुले एका टेबलाशी बसली. त्याच काळात तिथल्या सरकारने ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून शाळांचे संगणक लिनक्सवर नेले; २०१९ मध्ये उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती निघाली ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी. बातम्यांत वाचलेल्या पैशांचे आकडे येतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की शिक्षक, पुस्तक आणि परीक्षा तिन्ही एकाच वेळी बदलले.

आता आपल्याकडचे पाहा. हिंगोलीत संगणक शिकणे म्हणजे एमएस-सीआयटी करणे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचवला आणि सरकारी नोकरीच्या अटींमुळे तो घराघरांत गेला. यातला ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुले तो मायक्रोसॉफ्ट समजतात, आणि अभ्यासक्रम पाहता त्यांना हसता येत नाही. शिकवले जाते ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्टचे ऑफिस. फाइल म्हणजे काय यापेक्षा फाइलचे बटण कुठे आहे हे मुलाला पक्के होते. मग बटण हलले की शिक्षण संपले. या अभ्यासक्रमाने माउस कधी न धरलेल्या लाखो लोकांना संगणकासमोर बसवले, हे श्रेय मी नाकारत नाही. पण एका विकाऊ वस्तूची सवय लावून देण्याला राज्याच्या नावाचे प्रमाणपत्र का असावे, हा प्रश्न पंचवीस वर्षांत पुरेशा जोराने विचारला गेला नाही.

गंमत अशी की याच राज्याच्या अकरावीच्या ‘माहिती तंत्रज्ञान’ विषयाच्या २०१९ च्या पुस्तकाने उलटी वाट धरली. डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल, चित्रांसाठी गिम्प, हिशेबासाठी जीएनयूखाता, अशी सगळी मुक्त साधने त्यात आहेत. जीएनयूखाता मुंबईत घडले आणि त्यामागचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन आहेत. पण पुस्तक मिटून वसमतच्या हळदीच्या आडतीवर मुनीमकीला गेलेल्या मुलापुढे टॅली असते, आणि टॅली विंडोजवर चालते. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. त्यांची रीत विचार करण्यासारखी वाटते. पडद्यावर इंग्रजी राहते आणि कानावर मराठी येते. गनोमच्या मराठीत उलटे होते. पडद्यावर मराठी, आणि शेजारचा मित्र समजावून सांगतो तो ‘सेव्ह कर, फोल्डरात टाक’ असे. माझे मत पहिल्या रीतीकडे झुकते. ‘साठवा’ हा शब्द सुंदर आहे, पण ज्याने तो कधी ऐकलेला नाही त्याला तो बटणावर एकटा दिसून उपयोगाचा नाही. आधी बोलण्यात यायला हवा. संचयिकेचेही तेच; शुद्ध केली तरी ती बोलली जाईलच असे नाही.

हे पुस्तकी दुखणे आहे असे कोणी म्हणेल. म्हणून औंढ्याकडे जातो. औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तिच्या दोन बहिणींचे वैज्ञानिक गणनेचे काम लिनक्सवरच चालत आले आहे. लहरींचे विश्लेषण करणारे ‘लालसूट’ हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या पहिल्या लहरीची माहिती कोणालाही उतरवून घेता येते आणि ती पायथन भाषेत कशी उलगडायची याचे पाठही सोबत मिळतात. दुधाळ्याच्या मुलीला मनात आणले तर आज तीच फाइल उघडता येईल जी शास्त्रज्ञांनी उघडली. कुठल्या व्यापारी सॉफ्टवेअरने तिला हा हक्क दिला असता?

पण तिच्या हातात आहे ते बटणांच्या जागा सांगणारे प्रमाणपत्र. इथली माणसे बोलतात ते साधे आहे: जमीन आमच्या भागातली, वेधशाळा जगाची, आणि आमच्या पोरांना काम मिळणार वॉचमनचे. ही भीती वायफळ नाही. आणि ती खोटी ठरवायची असेल तर टर्मिनलचा काळा पडदा पाहून न घाबरणारी दहा-वीस मुले तरी या तालुक्यात वेधशाळा सुरू होण्याआधी तयार व्हायला हवीत. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी असा वर्ग घेण्याचे सुचवले तेव्हा मला विचारले गेले, ‘याचे सर्टिफिकेट कोण देणार?’ प्रश्न रास्त होता.

आतापर्यंत वाक्यांबद्दल बोललो. वाक्यांच्या खाली अक्षरे आहेत आणि प्रणाली बदलताना मराठी माणसाचा पाय खरा अडकतो तो तिथे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आपण ‘अ’वर चंद्र चढवून भागवत होतो आणि अजूनही पुष्कळ लोक तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र-चेही तसेच, ते दोन प्रकारांनी टंकता येते. हिंदीला या र-ची फारशी गरज नाही, म्हणून त्याची काळजीही हिंदीवाले करणार नाहीत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणे ठरवून दिली, पण विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या ‘मंगल’ फाँटात ल आणि श हिंदी वळणाचे होते. मुक्त फाँटांमध्ये हे दुरुस्त करता आले. पुण्यात घडलेला आणि रेड हॅटने मुक्त केलेला ‘लोहित’ असो की मुंबईच्या ‘एक टाइप’ची ‘मुक्ता’ असो, परवाना मोकळा असल्याने हव्या त्या माणसाने अक्षराचे वळण बदलावे.

या क्रमांकांतून जोडाक्षर जुळवून पडद्यावर दाखवण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने ते घडवले. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. निजामाच्या शाळांत शिकलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला या नावाचा अर्थ सांगावा लागला नसता. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत हार्फबझ आहे. सेनगावचा शेतकरी मोबाइलवर मराठी बातमी वाचतो तेव्हा तिची अक्षरे मुक्त सॉफ्टवेअर जुळवत असते, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच असते. खिशात हे स्थलांतर कधीच होऊन गेले.

टेबलावर झाले नाही, कारण टेबलावर डीटीपी आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, ग्रामपंचायतीचे अहवाल, साप्ताहिके आणि दिवाळी अंक अजूनही पुष्कळ ठिकाणी पेजमेकर आणि कोरलमध्ये जुन्या मराठी फाँटांत लागतात. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मधली आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. त्या फाँटांची युक्ती अशी की रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर रोमन अक्षरांचा कचरा. शिवाय प्रत्येक कंपनीचे खण वेगळे, आणि टंकायला त्यांचेच विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर लागते. मुक्त प्रणालीच्या प्रचारकांनी डीटीपीवाल्याला पंधरा वर्षांपूर्वी ‘इकडे या’ म्हटले ते फसवे होते. स्क्रायबस या मुक्त पानजुळणी सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवता येऊ लागली ती २०१७ च्या चाचणी आवृत्तीपासून. तिची पक्की १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. त्याआधी तिकडे गेलेला माणूस उपाशी मेला असता. जर्मनीतल्या म्यूनिक महापालिकेसारख्या श्रीमंत संस्थेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवून २०१७ मध्ये माघारीचा निर्णय घेतला, तेव्हाही इतरांशी कागदपत्रांची देवाणघेवाण जमत नसल्याची तक्रार कानावर होतीच. माणसांना प्रणाली धरून ठेवत नाही, त्यांचा जुना मजकूर धरून ठेवतो.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. त्या सुमारास इथे निघालेल्या एका स्मरणिकेच्या फाइली माझ्याकडे सीडीवर आहेत. गावोगावच्या बारवा, जुने बाजार, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या माणसांच्या आठवणी असा ऐवज त्यात आहे. सांगणारे बहुतेक आता नाहीत. सीडी चालते, फाइल उघडते आणि पानभर रोमन चिन्हे दिसतात. रूपांतर करणारी साधने वापरून मी तिची काही पाने सोडवली. जुन्या फाँटात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टंकलेला असतो, तो उचलून मागे न्यावा लागतो. ‘स्थिती’सारख्या शब्दात यंत्र तो कुठे न्यावा हे चुकते. रफार भलत्या अक्षरावर जातो. अर्धा र नाहीसा होतो, त्यामुळे ‘वाऱ्यावर’चे काय होईल ते सांगता येत नाही. छापील प्रतीची पाने पिवळी पडली आहेत पण वाचता येतात. सव्वीस वर्षांत कागदापेक्षा संगणकाची फाइल आधी मेली.

मराठवाड्याला याची किंमत माहीत असायला हवी. १९४८ पर्यंत आपल्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी निजामकालीन नोंदी तपासायची वेळ आली, तेव्हा दप्तरे होती, शाई शाबूत होती, पण उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. लोकांचे हक्क त्या वाचण्यावर अवलंबून होते. मोडी निदान शिकता येते, तिचे वर्ग चालतात. बंद पडलेल्या कंपनीच्या फाँटाचे खण कुठे शिकायचे? नर्सीच्या नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात गुरुमुखी लिपीत आहेत. ती ज्याला हवी त्याला उतरून घेता आली, म्हणून पंजाबात टिकली.

विंडोज १० बंद पडली या निमित्ताने दुकानदाराने एखाद्या जुन्या संगणकात लिनक्स टाकून दिले तर ते चांगलेच आहे. पण ज्याच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर आहे त्याने, मग तो प्रेसवाला असो, साप्ताहिकाचा संपादक असो की लेखक, प्रणाली बदलण्याआधी तो युनिकोडमध्ये आणून घ्यावा. जुने फाँट ज्या यंत्रावर अजून चालतात ते तोवर मोडीत घालू नये. हे काम विंडोजवर बसूनही करता येते. रूपांतर झालेले प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून माणसानेच वाचावे लागते, आणि त्या वाचनाला मराठी येणारा माणूस लागतो, संगणक येणारा नव्हे. स्मरणिकेची माझी अजून चाळीस पाने राहिली आहेत.

हा लेखही मी युनिकोडमध्ये पाठवला आहे. छपाईसाठी तो बहुधा जुन्या फाँटात जाईल. वर ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द नीट उमटले आहेत का, ते वाचकांनी एकदा मागे जाऊन पाहावे.